सॉरी, सकर!

मासे पाळणं म्हणजे रंगीत टाइमपास, असं वाटतं ना? आधी रविवारी सकाळी कुर्ल्याला एक चक्कर मारून या...

रविवारी सकाळी तुम्ही काय करता? मस्त लोळता, बरोबर? मीही तेच करते. पण गेल्या रविवारी चक्क बदलापूर गावातून रिक्षाने स्टेशन गाठलं आणि मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत कुर्ल्याला उतरले. निमित्त होतं तिथल्या रविवारच्या फिश मार्केटचं. दचकू नका, इथे सुरमई-पापलेट नाही. गप्पी, मॉली, एंजल आणि फायटर मिळतात!

२०१९मध्ये हैदराबादला 'अ‍ॅक्वा अ‍ॅक्वेरिया इंडिया' हे मोठ्ठं प्रदर्शन भरलं होतं. पण मुंबईकर शौकिनांचं संमेलन दर रविवारी इथेच भरतं. ना पास, ना उद्‌घाटन. हातात पाण्याने फुगलेल्या पिशव्या आणि तोंडी फक्त मासे!

आधी पाणी, मग मासे

मी फायटरवर बोट ठेवलं, तेवढ्यात शेजारच्या चष्मेवाल्या मुलाने विचारलं, ''टँक कधी भरलात?''
''काल.''
''मग आज मासे नका नेऊ.''

फंडा सोपा आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांसाठी विषच. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पण ते जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण घाई करतो, मासे मरतात आणि आपण दुकानदाराला शिव्या घालतो!

दोन इंचांचा पाहुणा

पुढच्या टपात काळपट सकर होते. 'काच साफ करतो' म्हणून घेतला जाणारा हाच तो मासा. कॉलेजात असताना माझ्याकडेही एक होता. दोन इंचांचा आणला, बघता बघता फूटभर झाला. टँकमध्ये मावेना, तेव्हा मोठ्या मायेने त्याला उल्हास नदीत सोडून आले. पुण्यच वाटलं होतं!

हे ऐकून चष्मेवाला गप्पच झाला. मग म्हणाला, ''असं कधीच करायचं नाही.'' सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर चिलखत, त्यामुळे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. काठात बिळं करतो, स्थानिक माशांच्या जागेवर आणि अन्नावर डल्ला मारतो. भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत तो असाच, कुणाच्या तरी मायेने पोचलाय.

मग नकोसा झालेला मासा द्यायचा कुठे? दुसऱ्या शौकिनाला किंवा परत दुकानात. नदीत मात्र नाही.

संध्याकाळी नदीवर गेले. बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या नळांना पाणी देणारी आपली उल्हास, शांत वाहत होती. माझ्या हातात मासा नव्हता, फक्त एक फिल्टर होता. फायटर महिन्याभराने येईल. तोपर्यंत मी पाणी पाळतेय!