जेझुइट विद्यापीठांचा पैसा येतो कुठून?

अमेरिकेत जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची २७ कॉलेजं आणि विद्यापीठं आहेत. जॉर्जटाउन, बॉस्टन कॉलेज, फोर्डहॅम ही नावं तिकडे शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांनाही परिचयाची. दगडी इमारती, उंच मनोरे, ऐसपैस हिरवळी पाहून या संस्थांना पैशाची चिंता नसेल असंच वाटतं. पण २०२४ मध्ये मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठानं २०३१ पर्यंत ३ कोटी १० लाख डॉलरची खर्चकपात करायची ठरवली. अशी बातमी आली की लोक चक्रावतात, कारण या विद्यापीठांच्या अर्थकारणाविषयी काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज : चर्च किंवा व्हॅटिकन पैसा पुरवतं.

वस्तुस्थिती : ही विद्यापीठं कायद्यानं स्वतंत्र, ना-नफा संस्था आहेत. त्यांचा कारभार विश्वस्त मंडळं पाहतात आणि या मंडळांत आज बहुसंख्य सदस्य धर्मगुरू नसलेले असतात. सेंट लुईस विद्यापीठानं हा बदल १९६७ मध्येच केला. उत्पन्नाचा मुख्य आधार असतो विद्यार्थ्यांची फी.

जेझुइटांची मदत एकेकाळी फार मोठी होती, ती मात्र श्रमाच्या रूपात. दारिद्र्याचं व्रत घेतलेले फादर शिकवायचे, वसतिगृहं सांभाळायचे, हिशेब पाहायचे आणि त्यांच्या पगाराचा बराचसा भाग संस्थेकडेच परत यायचा. १९६५ च्या सुमारास जगभरात सुमारे ३६ हजार जेझुइट होते. आज ते १४ हजारांच्या आसपास आहेत. त्यांच्या जागी आलेल्या प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना बाजारभावानं पगार द्यावा लागतो. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये, म्हणजे १८६९ मध्ये जेझुइटांनीच सुरू केलेल्या कॉलेजात, अनुदानित पदांचे पगार राज्य सरकार देतं. अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठाला अशी सोय नाही.

गैरसमज : कोट्यवधींचा निधी आहे, मग तूट आली की त्यातून भरून काढावी.

वस्तुस्थिती : या कायम निधीतला मोठा भाग देणगीदारांनी ठरावीक कामासाठी बांधून दिलेला असतो. एखाद्या शिष्यवृत्तीसाठी आलेली रक्कम वीजबिलाला वापरता येत नाही. मूळ रकमेला हात न लावता वर्षाला साधारण ४ ते ५ टक्केच खर्च करण्याची रीत आहे. शिवाय निधी सगळीकडे सारखा नाही. बॉस्टन कॉलेजकडे ३ अब्ज डॉलरहून अधिक आहेत. छोट्या जेझुइट संस्था त्याच्या आसपासही पोचत नाहीत.

गैरसमज : फी वाढवली की उत्पन्न वाढतं.

वस्तुस्थिती : माहितीपत्रकातली फी बहुतेकांना भरावीच लागत नाही. अमेरिकेतल्या खासगी ना-नफा कॉलेजांत २०२३-२४ मध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्यांना जाहीर फीवर सरासरी सुमारे ५६ टक्के सवलत मिळाली. ही सवलत संस्था स्वतःच देतात, त्यामुळे १०० रुपये फी लावून हातात पडतात ४४ रुपये. फी वाढवून त्याच प्रमाणात सवलतही वाढवावी लागली, तर आकडे फुगतात आणि गल्ला तेवढाच राहतो.

त्यात विद्यार्थीच कमी होत आहेत. अमेरिकेतली जन्मसंख्या २००७ मध्ये शिखरावर होती, नंतर ती उतरत गेली. २००७ ची मुलं २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली, म्हणजे पुढच्या तुकड्या लहान होत जाणार. ईशान्य आणि मध्य-पश्चिम भागात ही घट जास्त जाणवेल आणि बहुतेक जेझुइट विद्यापीठं नेमकी तिथेच आहेत.

गैरसमज : कमी विद्यार्थ्यांचे विभाग बंद केले की गाडी रुळावर येते.

वस्तुस्थिती : व्हीलिंग जेझुइट विद्यापीठाचं उदाहरण बोलकं आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या या संस्थेनं २०१९ मध्ये आर्थिक आणीबाणी जाहीर करून तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, इतिहास असे अभ्यासक्रम बंद केले. लगोलग जेझुइट संघानं तिच्याशी संबंध तोडले आणि नावातला ‘जेझुइट’ गेला. अशा विभागांत पदवी घेणारे कमी असले, तरी त्यांचे वर्ग सगळ्या शाखांच्या मुलांना सक्तीचे असतात. त्यामुळे एका विद्यार्थ्यामागचा खर्च अनेकदा प्रयोगशाळांच्या विषयांपेक्षा कमीच पडतो.

बॉस्टन कॉलेज वेगळ्या वाटेनं सावरलं. १९७२ मध्ये फादर डोनाल्ड मोनन अध्यक्ष झाले, तेव्हा डोक्यावर सुमारे ३ कोटी डॉलरचं कर्ज होतं आणि निधी ६० लाखांच्याही आत. पगार गोठवलेले होते. मोनन यांनी आधी विश्वस्त मंडळ बदललं, त्यात उद्योग-व्यवसायातले माजी विद्यार्थी आणले. १९७४ मध्ये शेजारचं न्यूटन कॉलेज सामावून घेतल्यानं जागेचा प्रश्नही हलका झाला. पुढे २०२० मध्ये बॉस्टन कॉलेजनं अडचणीतलं पाइन मॅनर कॉलेज घेऊन तिथे २०२४ मध्ये गरजू मुलांसाठी दोन वर्षांचं ‘मेसिना कॉलेज’ सुरू केलं. फिलाडेल्फियाच्या सेंट जोसेफ्स या जेझुइट विद्यापीठानंही २०२२ मध्ये विज्ञान-औषधशास्त्राचं विद्यापीठ विलीन करून घेतलं.

गैरसमज : सेवाभावी संस्थेनं पैशाचा विचार करणं ध्येयाशी प्रतारणा आहे.

वस्तुस्थिती : सिसिलीतल्या मेसिना शहरात १५४८ मध्ये जेझुइटांचं पहिलं कॉलेज निघालं तेव्हापासून जेझुइट फी घेत नसत, पण खर्चाची तजवीज आधी करून घेत. ती कुठून व्हायची, हा प्रश्न अवघड आहे. गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजसाठी मोडलेल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न लावून दिलं होतं. अमेरिकेत फी घेण्यावरची बंदी रोमनं १८३३ मध्ये शिथिल केली. तरीही १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ गुलाम माणसं १ लाख १५ हजार डॉलरला विकली आणि त्यातला काही पैसा जॉर्जटाउनचं कर्ज फेडायला गेला. हिशेबाकडे पाठ फिरवल्यानं ध्येय शाबूत राहतं, असं या इतिहासावरून तरी दिसत नाही.

अमेरिकेतल्या ना-नफा संस्था कर खात्याकडे जे विवरणपत्र भरतात, ते सार्वजनिक असतं. मुलाला अशा विद्यापीठात पाठवायचं ठरवण्यापूर्वी पालकांनी त्यातले तीन आकडे पाहावेत : सवलत वजा जाता मिळणारी फी, कर्ज आणि गेल्या पाच वर्षांतली तूट किंवा शिल्लक.