सक्तीचा राजनय

प्रतिपक्षाने आरंभिलेली कृती थांबवावी अथवा मागे घ्यावी, यासाठी त्यास बळाची धमकी देऊन किंवा बळाचा मर्यादित वापर करून वाटाघाटीस प्रवृत्त करण्याचे राज्यव्यवहारातील तंत्र. यात बळ हे प्रतिपक्षाचा पाडाव करण्याचे नव्हे, तर त्याचा निर्णय बदलण्याचे साधन असते. म्हणून ते युद्धाहून भिन्न ठरते. साम, दाम, दंड व भेद या परंपरागत उपायांपैकी दंडाचा धाक दाखवून आणि त्यास दामाची जोड देऊन कार्यभाग साधणे, असे त्याचे स्वरूप सांगता येईल. टॉमस शेलिंग व अलेक्झांडर जॉर्ज या अमेरिकन अभ्यासकांनी १९६० नंतरच्या काळात त्याची पद्धतशीर मीमांसा केली.

या तंत्राचे यश मुख्यतः चार गोष्टींवर अवलंबून असते : मागणी स्पष्ट व मर्यादित असणे, धमकी खरी वाटणे, मागणी मान्य केल्यास काही लाभ अथवा अभय मिळणे आणि वादविषय धमकी देणाऱ्यापेक्षा प्रतिपक्षास अधिक जिव्हाळ्याचा नसणे. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात अमेरिकेने नाविक नाकेबंदीबरोबरच क्यूबावर आक्रमण न करण्याची हमी दिली आणि तुर्कस्तानातील आपली क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे गुप्त आश्वासनही दिले. त्यामुळे सोव्हिएट रशियास माघार घेता आली. याउलट १९४१ मध्ये तेलाचा पुरवठा रोखून जपानने चीनमधून सैन्य काढावे, ही मागणी करण्यात आली. जपानी राज्यकर्त्यांना ती मानहानीकारक वाटली व त्यांनी युद्धाचा मार्ग पत्करला.

महाराष्ट्राच्या इतिहासात करवीर (कोल्हापूर) राज्य व ईस्ट इंडिया कंपनी यांच्या संबंधांत या तंत्राचे यशापयश दीर्घकाळ पाहावयास मिळते. मालवण किनाऱ्यावरील जहाजांच्या धरपकडीला कंपनी चाचेगिरी म्हणत असे; तथापि परवाना नसलेली जहाजे अडविणे हा किनाऱ्यावरील सत्तेचा हक्क आहे, अशी मराठी सत्तांची धारणा होती. १७६५ मध्ये कंपनीने सिंधुदुर्ग घेतला आणि पुढील वर्षी नुकसानभरपाईच्या करारावर तो परत केला. किल्ला परत मिळताच दबाव संपला. वादाचे मूळ मात्र कायम राहिले. परिणामी १७९२ मध्ये मुंबई सरकारला पुन्हा मोहीम काढावी लागली. तेव्हा १७८५ पासूनच्या हानीची भरपाई आणि मालवण व कोल्हापूर येथे वखारी उघडण्याची परवानगी या अटी करवीरने मान्य केल्या.

१८१२ चा तह अधिक टिकाऊ ठरला. त्यानुसार दुसऱ्या शिवाजी महाराजांनी मालवण बंदर व तेथील किल्ले कंपनीस दिले, चिकोडी व मनोळी या प्रांतांवरील हक्क सोडला आणि इतर राज्यांशी असलेले तंटे कंपनीच्या निवाड्यास सोपविण्याचे मान्य केले. मोबदल्यात परचक्रापासून संरक्षणाची हमी मिळाली. पटवर्धन, सावंतवाडी व निपाणी यांच्याशी झालेल्या संघर्षांनी क्षीण झालेल्या राज्यास ही हमी मोलाची होती. १८१७ च्या इंग्रज-पेशवे युद्धात करवीरने कंपनीची बाजू घेतली व पुढे चिकोडी-मनोळी त्यास परत मिळाले.

शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराजांच्या कारकीर्दीत मात्र १८२९ पर्यंत कंपनीस तीनदा सैन्य धाडावे लागले. १८२६ च्या तहाने सैन्य घटविण्याचे व कंपनीचा सल्ला मानण्याचे बंधन आले. सल्ला मानणे ही मागणी मोघम व अमर्याद होती. शिवाय जहागीरदारांवरील अधिकार हा छत्रपतींच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. सैन्य माघारी जाताच तंटा पुन्हा उद्‌भवे. अखेर १८२७ मध्ये ठरलेल्या व १८२९ मध्ये कायम झालेल्या तहाने करवीरच्या फौजेवर मर्यादा घातली, चिकोडी-मनोळी काढून घेतले आणि कोल्हापूर व पन्हाळा येथे इंग्रज शिबंदी ठेवण्याची अट घातली. येथे राजनय संपून प्रत्यक्ष नियंत्रण सुरू झाले.

बुवासाहेबांच्या निधनानंतर (१८३८) कंपनीने नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांच्या सुधारणांमुळे गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत जमिनींवरील हक्कांस धक्का पोहोचला. १८४४ मध्ये सामानगड, भुदरगड, पन्हाळा इ. किल्ल्यांवर उठाव झाला. गडकऱ्यांच्या दृष्टीने हा उपजीविकेचाच प्रश्न होता. नमते घेऊन त्यांच्या हाती काहीच उरणार नव्हते. म्हणून धाक निष्प्रभ ठरला व लष्करी कारवाईनेच उठाव मोडला गेला. त्यानंतर किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली आणि गडकरी पद्धत बंद झाली.

यावरून असे दिसते, की केवळ बलाधिक्य हे सक्तीच्या राजनयाच्या यशाचे पुरेसे कारण नाही. १७६५ पासून १८४४ पर्यंत कंपनीचे बळ वाढतच गेले. परंतु करवीरच्या दृष्टीने मागणी मान्य करणे हिताचे ठरले, तेव्हाच तह टिकला. प्रतिपक्षास सन्मानाने माघार घेण्यास वाव न ठेवणारी धमकी संघर्ष टाळण्याऐवजी बहुधा तो ओढवून घेते.