बॉस, चीफ, डार्लिंग... तुमचं नाव सोडून सगळं!

फँटसी गेम सुरू केला. केसांचा रंग, नाकाची ठेवण, गालावरचा व्रण, सगळं तासभर खपून निवडलं. मग मोठ्या झोकात नाव टाइप केलं: रणधीर! आता पुढच्या शंभर तासांत हे नाव तुमचे सोबती किती वेळा मोठ्याने घेणार, माहीत आहे का? बहुतेक एकदाही नाही!

का? अहो, डायलॉग स्टुडिओत कधीच रेकॉर्ड होऊन गेलेत. तुम्ही 'रणधीर' लिहिणार की 'चिंगी', हे त्या व्हॉइस ॲक्टरला कसं कळणार? म्हणून लेखक मंडळी पळवाटा शोधतात. आणि काय एकेक पळवाटा आहेत, बघाच.

यातला सगळ्यात गोड किस्सा आहे 'फायनल फँटसी १०'चा. साल 2001, या मालिकेत पात्रांना पहिल्यांदाच खरा आवाज मिळाला. हिरो टीडस. पण त्याचं नाव प्लेअरला बदलता येतं! मग काय, सात जणांच्या टोळीत सगळ्यांची नावं कानावर पडतात, फक्त हिरोचं नाही. जग बुडायला आलंय, प्रेम जमलंय, डोळ्यांत पाणी आहे, तरी त्याची प्रेयसी युना त्याला नावाने हाक मारत नाही. आपल्याकडच्या लग्नात तिला कोणीतरी 'नाव घ्या, नाव घ्या' म्हणून घेरायला हवं होतं!

आवाज येण्याआधी मात्र चंगळ होती. 1998 च्या 'बाल्डर्स गेट'मध्ये संवाद बहुतेक लिखित. लेखक वाक्यात 'कॅरनेम' असा कोड टाकायचे आणि गेम तिथे तुमचं नाव चिकटवायचा. 'सरमॅम' असाही कोड होता. बाई की बुवा, ते पाहून गेमच सर किंवा मॅडम निवडायचा. धमाल पुढे आहे: फॅन मंडळींनी त्या बिननावाच्या हिरोचं नावच 'कॅरनेम' ठेवलं! बारसं झालं ते थेट कोडच्या पाळण्यात.

मग आला पदव्यांचा जमाना. 'स्कायरिम' (2011) मध्ये व्हाइटरन शहराचा यार्ल, म्हणजे तिथला सरदार, तुम्हाला 'थेन' हे मानाचं पद देतो आणि सोबत लिडिया नावाची अंगरक्षक. ती तुम्हाला 'माय थेन' म्हणते. तुम्ही पुरुष असा, बाई असा, मांजरतोंडे खाजीट असा, एकच हाक सगळ्यांना फिट. एकदा रेकॉर्ड केलं की काम फत्ते!

'फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस' (2019) मध्ये तुम्ही चक्क शिक्षक. डिमिट्री अदबीने 'प्रोफेसर' म्हणतो, एडेलगार्ड 'माय टीचर' म्हणते, आणि क्लॉड? नुसतं 'टीच'! तिघं शिष्य, तीन हाका, आणि तेवढ्यावरूनच कळतं कोण किती सरळ आणि कोण किती इब्लिस.

एकच रेकॉर्डिंग सगळ्यांना चालवणं इंग्रजीत जमून जातं, कारण तिथलं 'यू' कोणालाही चालतं. पोलिश, रशियनमध्ये मात्र भूतकाळ आला की क्रियापदाचं लिंग ठरवावं लागतं. आपल्या 'तू आलास' आणि 'तू आलीस'सारखंच. म्हणजे एका वाक्याला दोन टेक!

आता टोपणनावांच्या बादशहाकडे येऊ. 'ड्रॅगन एज' मालिकेतला व्हॅरिक, बुटका, कादंबरीकार, गप्पिष्ट. तो बारसं केल्याशिवाय माणसाला सोडतच नाही. भोळी मेरिल झाली 'डेझी', कायम कपाळाला आठ्या घालणारा फेनरिस झाला 'ब्रूडी', आणि आयर्न बुल नावाचा शिंगांचा डोंगर झाला 'टायनी'! टायनी!! लेखनातली ही कमाल मला जाम आवडते. नाव घेता येत नाही ही खरं तर तांत्रिक अडचण, पण अशा टोपणनावाड्या स्वभावात ती बेमालूम झाकली जाते.

तोच आयर्न बुल 2014 च्या 'इन्क्विझिशन'मध्ये तुम्हाला 'बॉस' म्हणतो. त्याआधीच्या भागात तर आणखी सोपी युक्ती: पहिलं नाव तुमच्या मर्जीचं, आडनाव मात्र सक्तीने हॉक. मित्र हॉक म्हणणार, शत्रू हॉक म्हणणार, प्रेमात पडलेलेसुद्धा हॉकच म्हणणार! आणि 2024 च्या 'व्हेलगार्ड'मध्ये तुम्ही 'रूक', म्हणजे बुद्धिबळातला आपला हत्ती. हे नाव ठेवलं कोणी, ओळखा पाहू? व्हॅरिकनेच!

'बाल्डर्स गेट ३' (2023) मध्ये तर लाडच लाड. व्हॅम्पायर ॲस्टेरियन 'डार्लिंग' म्हणतो, आगीसारखी धगधगणारी कार्लॅक 'सोल्जर' म्हणते. ॲस्टेरियनला आवाज देणाऱ्या नील न्यूबनने त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम अभिनयाचं पारितोषिक पटकावलं. तुम्ही नाव बदललं नाही तर गेम तुमचं नाव 'टॅव' ठेवतो. फॅन जगतात टॅव फेमस, पण गेममध्ये ते नाव एकही सोबती उच्चारत नाही!

सगळ्यात आज्ञाधारक सोबती कोण, माहीत आहे का? 'झेल्डा: स्कायवर्ड सोर्ड'मधली (2011) फाय. तलवारीत राहते, 'मास्टर' म्हणते, शक्यता टक्क्यांत सांगते. आणि तुमच्या हातातल्या वी रिमोटची बॅटरी उतरली की तेही कळवते. थेट गेमच्या आतून!

'गेन्शिन इम्पॅक्ट'ची पायमॉन? तुम्हाला 'ट्रॅव्हलर' म्हणते आणि स्वतःबद्दल बोलताना मात्र 'पायमॉनला भूक लागली' थाटात!

'फेबल' (2004) मध्ये तर पदव्या विकत मिळतात. सुरुवातीला गावकरी तुम्हाला ओरडून हाक मारतात 'चिकन चेसर'. कोंबड्यांमागे धावणारा! बरी पदवी हवी? मग खिसा हलका करा.

आणि आता एक अपवाद. गेम फँटसी नाही, अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेतला आहे, पण पठ्ठ्याला वगळणं पाप! 'फॉलआउट ४' (2015) मधला रोबो बटलर कॉड्सवर्थ नऊशेहून जास्त नावं खरोखर उच्चारतो. स्टीफन रसेल या कलाकाराने ती एकेक करून रेकॉर्ड केली. यादीत काही चावट नावंही आहेत, आणि तीसुद्धा तो ब्रिटिश अदबीत घेतो!

याच्या बरोब्बर उलट टोकाला 'प्लेनस्केप: टॉरमेंट' (1999). हिरो अमर, पण स्मृती गेलेली. नावाची पाटी कोरी. शेजारी तरंगणारी मॉर्ट नावाची कवटी, ती त्याला पहिल्या भेटीपासून 'चीफ' म्हणते. तासन्‌तास खेळा, शेवटाला पोचा, तिथे हिरोला आपलं खरं नाव अखेर कळू शकतं. त्याला कळतं हं! प्लेअरला गेम ते सांगतच नाही!