पहारेकऱ्याच्याच घरात मुक्काम

पाचगणीचं बेल-एअर किंवा सांगली-मिरजेमधली वानलेसवाडी ही नावं काढली, की सातारा-सांगलीकडच्या जुन्या माणसांना एकच रोग आठवतो: क्षय. बेल-एअर डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ साली उभारलं. वानलेसवाडीला नाव मिळालं ते मिरजेच्या डॉ. विल्यम वानलेस यांचं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. तोवर उपाय म्हणजे मोकळी हवा, सक्त विश्रांती, दूध-अंडी. सगळी भिस्त शरीराच्या स्वतःच्या बंदोबस्तावर, आणि जंतू घाला घालतात तो नेमका त्यावरच.

या बंदोबस्ताची एक फळी श्वासनलिकेत. तिच्या आतल्या पेशींवर सूक्ष्म केस असतात, पक्ष्माभिका. एकेका पेशीवर दोनशेच्या आसपास. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून ते वरचा चिकट थर घशाकडे सरकवत राहतात. हळदीच्या पेठेतली धूळ, पेटवलेल्या पाचटाची काजळी त्यात अडकून वर येते आणि आपण ती नकळत गिळून टाकतो.

डांग्या खोकल्याचा जंतू या केसांनाच चिकटतो आणि विष सोडून केसाळ पेशी मारतो. मग कफ जागीच साचतो. तो काढायला उरतो फक्त खोकला. पोर खोकून खोकून निळं पडतं ते म्हणून. औषधानं जंतू मेले तरी ढास आठवडेच्या आठवडे राहते, कारण मेलेल्या पेशींच्या जागी नव्या यायला वेळ लागतो. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. न्यूमोनियाचा न्यूमोकॉकस तर पेशींच्या आवरणालाच भोकं पाडतो.

क्षयाचा जंतू याहून बिलंदर. तो थेट खाली वायुकोशांत उतरतो. तिथल्या भक्षक पेशी जंतू गिळतात आणि आतल्या आम्लाच्या पिशवीत जिरवतात. क्षयाचा जंतू गिळला जातो खरा, पण त्या पिशवीशी गाठच पडू देत नाही. ज्यानं मारायचं त्याच्याच पोटात राहून वाढतो. पाचगणीची हवा तिथं काय करणार? काही रोगी बरे झाले; पण त्यात हवेला श्रेय जरा जास्तच मिळालं, विश्रांतीला आणि सकस अन्नाला कमी, असं माझं मत.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि क्षयाची औषधं मोफत आहेत. आणि बाळाचे डांग्या खोकल्याच्या लशीचे सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याचे डोस चुकवू नका.