अंडं बंद, खारी चालू

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट जरा वर गेला की घरात पहिली गदा अंड्यावर येते. एका अंड्याच्या बलकात साधारण १८० ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, हे खरं. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. रक्तवाहिन्यांत साचणारं एलडीएल वाढतं ते मुख्यतः संपृक्त आणि ट्रान्स चरबीमुळे. निरोगी माणसाला रोजचं एक अंडं सहसा बाधत नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवावं.

मग अंडं सोडून चहाबरोबर रोज खारी, नानकटाई खाणाऱ्यानं काय साधलं? वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी एलडीएल वाढवते आणि उपयोगी एचडीएल कमी करते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. जानेवारी २०२२ पासून भारतात तेला-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स चरबीवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. नियम अगदी योग्य आहे. तरी खारीच्या पदरांत मैदा, मीठ आणि संपृक्त चरबी उरतेच.

तेलाच्या पिशवीवरचं ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ वाचून जास्त पैसे मोजू नका. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. खोबरेल तेलातही नसतं, पण त्यातली ८० टक्क्यांहून अधिक चरबी संपृक्त असते. शेंगदाणा तेलात ती पाचव्या हिश्श्याच्या आसपास. तेव्हा पाहायचं ते चरबी कोणती आणि तेल किती, हे.

‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कसला धोका?’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यात मीठ नजरेआड होतं. जास्त मिठानं रक्तदाब वाढतो आणि रक्तदाबाचा भार हृदयावर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात आमटी, भाजी, कणीक, लोणच्याची फोड, पापड, फरसाण सगळं आलं. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

या हिशेबानं चौघांच्या घरात किलोभर मीठ किमान ५० दिवस पुरायला हवं. पुढचा पुडा फोडाल तेव्हा त्यावर तारीख लिहा आणि किती दिवस पुरतो ते पाहा.