उंदराची घाई, देवदाराचा धीर



आज एक वेगळीच जोडी पाहू: आपल्या बांधातला उंदीर आणि हिमालयातला देवदार. देवदार हे सूचिपर्णी झाड. पानं सुईसारखी, फूल-फळ नाही, बी लाकडी शंकूत धरते. बुलढाणा जिल्ह्याच्या रानात ते उगवत नाही. पण शाळेच्या आवारात मोरपंखी असेल, तर ती याच गोतातली. तिचे बारीक शंकू मुलांना जरूर दाखवा. सुरू मात्र नुसता दिसायला तसा. तो या गोतातला नव्हे.

आता हिशेब मांडू. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्लं तीनेक महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. समजा, जुलैपासून एका मादीला दर महिन्याला सहा पिल्लं झाली. ऑक्टोबरअखेर तिची चोवीस; पहिल्या खेपेच्या तीन मुलींची अठरा. सगळी जगली, तर एका जोडीची दिवाळीला चव्वेचाळीस तोंडं! अर्थात, बहुतेक मरतात. उंदराचं आयुष्यच जेमतेम वर्षाचं, म्हणून ही घाई.

देवदाराला बी धरायलाच तीस-चाळीस वर्षं लागतात. शंकू पिकायला सुमारे वर्ष. त्याचीही बहुतेक रोपं वाळतात, चरली जातात. पण जगलेलं झाड शेकडो वर्षं उभं राहून बी टाकत राहतं. वंश दोघांनाही टिकवायचा आहे. एक घाईनं टिकवतो, दुसरा धीरानं.

यातून आपण काय घ्यावं? एकट्यानं आपल्या शेतातले उंदीर मारले, तर शेजारच्या बांधातले पुन्हा ती जागा भरतात. म्हणून पेरणीआधी, उंदीर थोडे असतानाच, साऱ्या गावानं मिळून बिळं शोधावीत. झाडाचं उलटं. ज्ञानगंगेच्या रानातला जुना साग किंवा अंजन एका दुपारी आडवा होतो. त्याची जागा भरायला दोन पिढ्या जातात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्या झाडाच्या ढोलीत घुबड राहतं. लोक त्याला अशुभ म्हणतात, पण रात्री उंदीर टिपतं तेच. ढोलीचं झाड तोडलं, तर आपल्या शेताचा राखणदारच आपण हाकलला असं समजा.