उच्च शिक्षणाची चौकट – लेखांक ७ : ‘नॅक’ची श्रेणी कशी ठरते?

संलग्नता, मान्यता आणि अधिस्वीकृती हे महाविद्यालयाचे तीन वेगवेगळे दर्जे आहेत. संलग्नता विद्यापीठ देते. तिच्यामुळे महाविद्यालयाचे विद्यार्थी त्या विद्यापीठाच्या परीक्षेला बसतात आणि त्याची पदवी मिळवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २(एफ) व १२(बी) यांखालची मान्यता केंद्रीय अनुदानाच्या पात्रतेसाठी लागते. अधिस्वीकृती या दोन्हींहून निराळी आहे. ती संस्था चालवण्याची परवानगी नसते. चालू असलेल्या संस्थेची गुणवत्ता बाहेरच्या यंत्रणेने तपासून दिलेला तो ठरावीक मुदतीचा निर्णय असतो. म्हणूनच अधिस्वीकृती नसलेल्या महाविद्यालयातून घेतलेली विद्यापीठाची पदवीही वैध असते.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अधिस्वीकृतीच्या विचाराचे मूळ आहे. त्यातून १९९४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच ‘नॅक’, स्थापन केली. परिषदेचे मुख्यालय बेंगळुरूला आहे. त्याच वर्षी तंत्रशिक्षणासाठी राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ (एनबीए) सुरू झाले. नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते, तर एनबीए एकेका अभ्यासक्रमाचे. त्यामुळे एकाच अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेला एनबीए असते आणि स्थापत्य शाखेला नसते, असे होऊ शकते.

नॅकची तपासणी सात निकषांवर होते : अभ्यासक्रम, अध्यापन-अध्ययन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, पायाभूत सुविधा, विद्यार्थ्यांना साहाय्य व त्यांची प्रगती, प्रशासन व नेतृत्व, संस्थात्मक मूल्ये व उत्तम उपक्रम. एकूण गुण १०००. त्यांची वाटणी मात्र संस्थेच्या प्रकारानुसार बदलते. विद्यापीठासाठी संशोधनाला २५० आणि अध्यापनाला २०० गुण आहेत. संलग्न महाविद्यालयासाठी एकट्या अध्यापनाच्या निकषाला ३५० गुण आहेत. साहजिकच विद्यापीठाची ‘ए’ श्रेणी आणि तालुक्याच्या महाविद्यालयाची ‘ए’ श्रेणी एकाच मापाने मोजलेली नसते.

२०१७ पासूनच्या पद्धतीत संस्था आधी पात्रतेची माहिती भरते आणि मग स्वयंमूल्यांकन अहवाल (एसएसआर) ऑनलाइन सादर करते. निकालाचा मोठा भाग आकड्यांवर ठरतो : विद्यार्थी व शिक्षक यांचे प्रमाण, पीएच.डी. झालेले शिक्षक, ग्रंथालयावरचा खर्च, नोकरीला लागलेले किंवा पुढे शिकणारे विद्यार्थी. हे आकडे कागदपत्रांशी ताडून पाहिले जातात आणि विद्यार्थ्यांचे समाधान सर्वेक्षणही होते. या टप्प्यावर ठरलेले किमान गुण मिळाले, तरच तज्ज्ञांची समिती, म्हणजे ‘पीअर टीम’, प्रत्यक्ष भेटीला येते. आकड्यांत न मावणाऱ्या बाबींचे गुण तिच्या हाती असतात.

सर्व गुणांची भारित सरासरी काढून ४ पैकी ‘सीजीपीए’ ठरतो. ३.५१ व त्याहून अधिक असल्यास ए++, ३.२६ पासून ए+, ३.०१ पासून ए, २.७६ पासून बी++, २.५१ पासून बी+, २.०१ पासून बी आणि १.५१ पासून सी. १.५० किंवा त्याहून कमी आल्यास ‘डी’, म्हणजे अधिस्वीकृती नाकारली. ३.०१ आणि ३.२५ यांना एकच श्रेणी मिळते, पण ३.०० आणि ३.०१ यांच्या श्रेणी वेगळ्या होतात. म्हणून श्रेणीच्या जोडीने सीजीपीए पाहणे महत्त्वाचे ठरते.

श्रेणी साधारणपणे पाच वर्षे टिकते. सातत्याने सर्वोच्च श्रेणी राखणाऱ्या संस्थांना सात वर्षांची मुदत मिळते. मधल्या काळात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने (आयक्यूएसी) दरवर्षी वार्षिक अहवाल पाठवायचा असतो. मुदत संपली की नव्या फेरीला, म्हणजे ‘सायकल’ला, सामोरे जावे लागते. जुनी श्रेणी आपोआप पुढे चालत नाही.

या श्रेणीला व्यवहारात वजन आहे. २०१८ च्या नियमांनुसार ३.५१ किंवा अधिक सीजीपीए असलेले विद्यापीठ पहिल्या प्रवर्गासाठी पात्र ठरते. या प्रवर्गातील विद्यापीठाला स्वतःच्या खर्चाने नवे विभाग व अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी आयोगाची परवानगी घ्यावी लागत नाही. महाविद्यालयाच्या स्वायत्ततेच्या प्रस्तावातही नॅक पाहिले जाते.

जिथे वजन, तिथे गैरप्रकाराचा धोकाही असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अनुकूल श्रेणीसाठी लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांसह काही जणांना अटक केली. पद्धत बदलण्याची शिफारस त्याआधीच झाली होती. के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या सूचनांनुसार जानेवारी २०२४ मध्ये दोन बदल जाहीर झाले. पहिला, श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ एवढाच निकाल. दुसरा, अधिस्वीकृत संस्थांना पुढे चढत जाण्यासाठी १ ते ५ स्तर.

श्रेणींच्या पद्धतीने मिळालेला दर्जा वाचताना चार गोष्टी पाहाव्या लागतात : फेरी कितवी, सीजीपीए किती, मुदत कधी संपते आणि अधिस्वीकृती संपूर्ण संस्थेची आहे की एखाद्या अभ्यासक्रमाची.

(पुढील लेखांक : स्वायत्त महाविद्यालये)